एक्झोममध्ये न सापडलेलं: ऑटिझमच्या जनुकीय तपासणीचं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून वयं, व्यवसाय आणि काही तपशील बदलले आहेत. नावं दिलेली नाहीत, नाती दिली आहेत, कारण या प्रकरणात सगळं नात्यांवरच अडलं आणि नात्यांतूनच सुटलं. कुटुंबाने लिहायला संमती दिली ती एका अटीवर: आबांबद्दलचा भाग गाळायचा नाही.

पार्श्वभूमी

सांगली-कोल्हापूर पट्ट्यातलं उसाचं गाव. वडिलांचं कृषी सेवा केंद्र, आई बारावीपर्यंत शिकलेली, एकुलता मुलगा. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाने 'बोलत नाही, पुढे दाखवा' असं लिहून दिलं आणि हे लोक माझ्याकडे आले. मी मुलांची वाढ आणि विकास पाहणारी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलगा तेव्हा तीन वर्षं आठ महिन्यांचा होता.

शब्द चार-पाचच: पाणी, नको, गाडी. नावाने हाक मारली तर वळायचा नाही, पण रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की धावत दारात. आनंद झाला की हात फडफडवायचा. शर्टाची कॉलर चावून चावून ओलीचिंब असायची. कुणी जवळ येऊन चेहऱ्यात डोकावलं की मान फिरवून अंग चोरायचा. निरीक्षण, आईवडिलांशी बोलणं, भारतीय मोजपट्टीवरचे गुण, सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं. ऑटिझम. हे निदान वागणुकीवरून होतं, ते रक्ताच्या कुठल्याही चाचणीवर थांबलेलं नसतं. म्हणून वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी त्याच महिन्यात सुरू केली.

त्या पहिल्या दिवसाच्या माझ्या टिपणात तीन बारीक नोंदी आहेत. कान मोठे. बोटं मागे सहज वळतात. दोन वर्षांत चार-पाच वेळा कान फुटला. या तिन्ही नोंदी माझ्याच अक्षरात आहेत आणि तिन्ही एकमेकींपासून लांब, वेगवेगळ्या रकान्यांत पडल्या आहेत.

चौथी नोंद मात्र मी ठळक केली होती: 'नात्यातलं लग्न'. वडिलांनी मामाची मुलगी केलेली. आमच्या भागात यात नवल काहीच नाही. म्हणजे मुलाच्या आईची सासू ही तिची सख्खी आत्या. यापुढे मी तिला आत्याच म्हणेन. आणि आईचे वडील, म्हणजे आत्यांचे थोरले भाऊ, ते आबा.

पहिली चाचणी

सहा महिने थेरपी झाल्यावर वडिलांनी विचारलं, "डॉक्टर, हे कशामुळं झालं? आणि दुसरं मूल घ्यायचं का?" दोन्ही प्रश्न रास्त होते. ते विचारले गेले की जनुकीय तपासणीचा विषय निघतोच.

समोर तीन वाटा होत्या. काहीच न करणं ही पहिली. थेरपी तर चालूच होती आणि चाचणीने ती फारशी बदलणार नव्हती. दुसरी वाट म्हणजे क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे आणि फ्रॅजाइल एक्सची चाचणी. फ्रॅजाइल एक्स हा एक्स गुणसूत्रावरच्या दोषामुळे होणारा आनुवंशिक विकार, त्यात बुद्धीची वाढ मागे पडते आणि अनेकदा ऑटिझम दिसतो. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना त्या वेळी सुरुवातीला याच दोन सुचवत होती. तिसरी वाट एक्झोम. हजारो जनुकांचा प्रथिनं बनवणारा भाग यात एकदम वाचला जातो.

कुठली चाचणी काय पाहते हे आईवडिलांना समजावताना मी पुस्तकाचं उदाहरण देते. मायक्रोअ‍ॅरे गहाळ झालेली किंवा दोनदा छापलेली पानं शोधते. एक्झोम शब्दांतल्या अक्षरांच्या चुका शोधते. फ्रॅजाइल एक्सचा दोष या दोन्हींत बसत नाही. तिथे एक्स गुणसूत्रावरच्या एफएमआर-१ या जनुकात सीजीजी ही तीनच अक्षरं पुन्हा पुन्हा छापली गेलेली असतात. ४४ वेळांपर्यंत काही बिघडत नाही. ५५ ते २०० म्हणजे प्रीम्युटेशन, पूर्ण बिघाडाच्या अलीकडची पायरी. २०० च्या पुढे गेलं की फुल म्युटेशन, आणि जनुकाचं काम बंद पडतं. एक्झोमचं यंत्र साधारण दीडशे अक्षरांच्या तुकड्यांत वाचतं. 'विठ्ठल विठ्ठल' असा गजर दोन-दोन सेकंदांच्या तुकड्यांत ध्वनिमुद्रित केला, तर तो पाच मिनिटं चालला की तासभर, हे त्या तुकड्यांवरून कसं कळणार? तसंच हे. शिवाय ही पुनरावृत्ती जनुकाच्या ज्या भागात असते तो भाग एक्झोममध्ये बहुधा नीट धरलाच जात नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी एक्झोम सुचवलं.

कारणं अशी. घरात एकदाच खर्च होणार होता, २२ हजार रुपये, आणि तेही ऊसबिल आल्यावर. एकाच चाचणीत जास्तीत जास्त पकडावं असं वाटलं. ऑटिझम असलेल्या शंभर मुलांत फ्रॅजाइल एक्स एखाद-दोघांत सापडतो, म्हणून तो मागे ठेवला. आणि मुख्य म्हणजे मी ठळक केलेली ती नोंद. नात्यातलं लग्न म्हणजे दोन्हीकडून एकच सदोष जनुक आलं असणार, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की बाकी नोंदी माझ्यापुरत्या पुसल्याच गेल्या.

वडिलांनी प्रयोगशाळेच्या सहा पानी इंग्रजी संमतीपत्रावर सही केली. मी म्हणाले, "कारण सापडलं तर बरं, नाही सापडलं तरी काही बिघडत नाही." तिसरी शक्यता मी उच्चारलीच नाही.

'अर्थ अनिश्चित'

दीड महिन्याने अहवाल आला तो नेमका त्या तिसऱ्या शक्यतेचा. एका जनुकात एका अक्षराचा बदल, आईकडून आणि वडिलांकडून दोन्ही प्रतींत आलेला. वर्गवारी: अर्थ अनिश्चित. २०१५ पासून प्रयोगशाळा अमेरिकेतल्या वैद्यकीय आनुवंशिकी तज्ज्ञांच्या संस्थेने ठरवलेल्या पाच पायऱ्या वापरतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधली पायरी ही सर्वांत गर्दीची आणि सर्वांत तापदायक. जनुकाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण कुणीतरी ते स्वतःच्या अहवालात शोधेल.

या बदलाकडे संशयाने पाहायला दोन मोठी कारणं होती. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या मुलाच्या जनुकसंचाचा सरासरी सोळावा भाग दोन्हीकडून हुबेहूब सारखा येतो. अशा मुलात दोन्ही प्रतींतला एखादा दुर्मीळ बदल सापडणं अपेक्षितच असतं. तो सापडला म्हणून तोच दोषी ठरत नाही. दुसरं कारण, 'हा बदल लोकसंख्येत आढळत नाही' असं अहवाल म्हणत होता. पण कुठल्या लोकसंख्येत? जगभरच्या मोठ्या संग्रहांत आपल्या जातीजमातींचे नमुने तुटपुंजे आहेत. आपल्याकडच्या इंडिजेन प्रकल्पात १,०२९ जणांचे जीनोम होते. जीनोमइंडियाच्या सुमारे १०,००० जीनोमची माहिती संशोधकांना खुली झाली ती २०२५ च्या जानेवारीत, या अहवालानंतर बऱ्याच काळाने. आमच्या दोन तालुक्यांत शेकडो निरोगी माणसांत असलेला बदलही त्या वेळच्या यादीत 'दुर्मीळ' दिसला असता.

हे मी त्यांना सांगितलं का? सांगितलं. ओपीडीत, दहा मिनिटांत, बाहेर बाकावर चौदा माणसं थांबलेली असताना. वडिलांनी त्यातून ऐकलं ते एवढंच: कारण सापडलं. आत्यांनी ऐकलं: नात्यात केलं ते चुकलं. आणि आईने ऐकलं की दोघांचंही चुकलं, पण पोरगं तिच्या पोटातून आलं. अहवालाचं पहिलं पान नात्यातल्या एका मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हकडे गेलं. त्याने 'जेनेटिक डिफेक्ट आहे' असा शेरा मारला आणि गावात तोच पक्का झाला.

दुसरं गरोदरपण

चार महिन्यांनी आई नऊ आठवड्यांची गरोदर असताना दोघं आले. शहरातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी बाराव्या आठवड्यात वारेचा तुकडा काढून तपासायची तारीखही दिली होती. तपासायचं काय? तर तो अनिश्चित बदल. वडिलांच्या हातात अहवाल होता. "बाळात हे नसेल तर ठेवू," ते म्हणाले.

माझ्या दृष्टीने प्रकरणातलं सर्वांत अवघड वळण हे. तपासायला नाही म्हटलं तर कुटुंबाला वाटणार की डॉक्टर हात झटकतात. हो म्हटलं तर ज्याचा अर्थ आपल्यालाच माहीत नाही अशा अक्षरावर एक गर्भ तोलला जाणार. दोन्ही प्रतींत बदल आला असता, आणि याची शक्यता चारात एक होती, तर निरोगी असू शकणारं मूल त्यांनी कदाचित पाडलं असतं. आला नसता, चारात तीन, तर आम्ही 'सगळं ठीक' म्हणून पाठ थोपटली असती आणि खरा धोका तसाच पुढे सरकला असता. हे दुसरं किती खरं होतं ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

मी एक आठवडा मागितला आणि पुण्यातल्या एका आनुवंशिकी समुपदेशकाशी व्हिडिओवर भेट ठरवली. राज्यात ही मंडळी मोजकी, तीही बहुतेक मुंबई-पुण्यात. सहा तासांचा प्रवास त्या अवस्थेत नको म्हणून माझ्याच दवाखान्यात फोन स्टँडवर लावला. आईवडील समोर बसले. आत्या मागे, मुलाला मांडीवर घेऊन.

वंशावळ

समुपदेशकाने अहवाल उघडलाच नाही. कोरा कागद घेतला आणि चौकोन-गोल काढायला सुरुवात केली. पन्नास मिनिटं. कोण कुणाचं, कितव्या वर्षी गेलं, कुणाचं मूल दगावलं. मग तीन प्रश्न विचारले. ते ऐकताना ते सुचायला हवे होते मला, असं वाटून मानेवर घाम आला.

"घरात कुणाचे हात थरथरतात, चालताना तोल जातो?"

"आबांचे," आई म्हणाली. "पण ते पार्किन्सन आहे. नऊ वर्षं झाली. गोळ्यांनी काही फरक नाही."

मागून आत्या पटकन म्हणाल्या, "माझा भाऊ पीत नाही हं. माळकरी आहे. लोक काहीबाही बोलतात."

"कुणाची पाळी चाळिशीच्या आत गेली?"

आईने जरा थांबून सांगितलं. थोरल्या बहिणीची पस्तिशीलाच गेली. अंगात उष्णता आहे म्हणून सब्जा आणि गुलकंद चालू होतं.

"कुणी उशिरा बोललं, शाळेत मागे राहिलं?"

थोरलीचा मुलगा. नववीत दोनदा.

फ्रॅजाइल एक्स घरात कसा फिरतो हे ज्याने वाचलंय त्याला एवढ्यावर चित्र दिसतं. प्रीम्युटेशन असलेल्या पुरुषांपैकी बऱ्याच जणांना पन्नाशीनंतर कंप आणि तोल जाण्याचा आजार होतो, आणि तो अनेकदा पार्किन्सन म्हणून खपतो. अशा बायकांपैकी साधारण पाचात एकीची पाळी चाळिशीआधी जाते. त्यांना स्वतःला सहसा ऑटिझम नसतो, बुद्धीही सहसा उत्तम असते. पण आईकडून मुलाकडे जाताना पुनरावृत्ती वाढते आणि प्रीम्युटेशनचं फुल म्युटेशन होतं. कंप आजोबांना, पाळी मावशीची, बोलणं नातवाचं. तीन पिढ्या तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जात होत्या आणि तिन्ही डॉक्टर आपापल्या परीने बरोबर होते.

माझे तीन रकानेही आता एकत्र आले. मोठे कान, सैल सांधे, वारंवार फुटणारा कान, डोळ्यांत पाहणं टाळणं.

कुणाकुणाची तपासणी

एरवी मुलगा आणि आई यांचंच रक्त पाठवतात. मुलाला एक्स आईकडून येतो, वडिलांचा इथे संबंध नसतो. इथे मात्र होता. आबांकडे एकच एक्स, तो त्यांच्या आईचा. तीच आत्यांचीही आई. म्हणजे तो एक्स आत्यांकडे असण्याची शक्यता निम्मी, आणि तिथून मुलाच्या वडिलांकडे यायची पुन्हा निम्मी. वडिलांकडे तो असता आणि पोटात मुलगी असती, तर तिला तो वडिलांकडून खात्रीने मिळाला असता, आईकडून काहीही मिळो. नात्यातल्या लग्नाचा खरा मुद्दा हा होता. मी धरून बसले होते त्यापेक्षा तो अगदी निराळा निघाला.

तिघांचं रक्त एकाच दिवशी गेलं. खर्च एक्झोमपेक्षा बराच कमी. तेराव्या आठवड्यात आकडे आले. मुलगा २०० च्या वर, फुल म्युटेशन. आई एका एक्सवर ३०, दुसऱ्यावर ९२. वडील ३०.

हे सांगताना यावेळी मी ओपीडी संपल्यावर तासभर राखून ठेवला होता. आई ऐकून म्हणाली, "म्हणजे माझ्याकडून." काही वेळ कुणीच बोललं नाही. मग आत्या, ज्या दोन वर्षं 'सुनेच्या बाजूचं' म्हणत होत्या, कागदावरच्या सर्वांत वरच्या गोलावर बोट ठेवून म्हणाल्या, "म्हंजे आमच्या आईकडनं आलं व्हय हे? सुनेचं माहेर अन् माझं माहेर एकच की." त्यानंतर त्यांच्या तोंडून 'सुनेच्या बाजूचं' मी ऐकलं नाही.

गर्भाची तपासणी: पर्याय

९२ पुनरावृत्ती असलेला एक्स पुढे गेला तर तो फुल म्युटेशनमध्ये वाढण्याची शक्यता बरीच मोठी. तो जाण्याची शक्यता निम्मी. दुसरा एक्स गेला तर प्रश्नच नाही.

पर्याय दोन. तपासणी न करता बाळ होऊ देणं, आणि जन्मानंतर गरज पडली तर पाहणं. किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल काढणं. वारेच्या तुकड्यातून पुनरावृत्ती मोजता येते, पण जनुक बंद पडलंय की नाही हे त्यात खात्रीने कळत नाही, म्हणून गर्भजल. मी बोलताना दर वेळी 'धोका' म्हणत होते. समुपदेशकाने मला मध्येच थांबवून तो शब्द बदलायला लावला. "शक्यता म्हणा. धोका म्हटलं की निर्णय तुम्ही दिलात." मांडीवर फुल म्युटेशनचा एक मुलगा बसून ट्रॅक्टरचं चाक फिरवत होता आणि त्याच्या आईसमोर मी त्याला धोका म्हणत होते, हे मला तोपर्यंत ऐकूच आलं नव्हतं.

कायद्याचा भाग मी लांबवते, कारण इथे नेहमी घोळ होतो. १९८८ साली गर्भलिंगनिदानावर देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. या कायद्याने प्रसवपूर्व निदानाला सरसकट मनाई केलेली नाही. लिंगसंलग्न आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात, लेखी संमतीने ते करता येतं. मनाई आहे ती लिंग सांगायला. आणि फ्रॅजाइल एक्समध्ये नेमकी तिथेच अडचण. फुल म्युटेशनचा परिणाम मुलात बहुतेक वेळा ठळक असतो, मुलीत तो अगदी सौम्य ते बराच, कुठेही असू शकतो. म्हणजे निकालाचा अर्थ लिंगावर अवलंबून, आणि लिंग सांगायचं नाही. म्हणून मुलगा असेल तर काय आणि मुलगी असेल तर काय, हे दोन्ही आधीच, सुई टोचण्यापूर्वी सांगून ठेवावं लागतं. आणखी एक बारकावा माझ्या लक्षात प्रयोगशाळेने आणून दिला. अहवालात पुनरावृत्तीचे आकडे छापले तरी लिंग उघड होतं: मुलाला एकच एक्स म्हणून एक आकडा, मुलीला सहसा दोन. त्यामुळे आकडे न देता फक्त निष्कर्ष द्यायचं ठरलं.

दोघांनी चार दिवस घेतले. आईने हो म्हटलं. फुल म्युटेशन आलं तर काय करायचं हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एकोणिसाव्या आठवड्यात अहवाल आला: फुल म्युटेशन नाही, प्रीम्युटेशन नाही.

चांगला निकाल आला की आधीच्या चुका झाकल्या जातात. या निकालात माझं कर्तृत्व काही नव्हतं.

सांगायचं कुणाला

आकडे आले त्या दिवशी आणखी दोन बायकांचे निकाल लागले, त्यांना न विचारता. आबांना कंप, थोरल्या मुलीची पाळी गेलेली, मधलीचे ९२. पुढे आबांचीही तपासणी झाली आणि आकडा ९० आला. वडील आपला एकमेव एक्स प्रत्येक मुलीला देतात. म्हणजे तिन्ही मुलींकडे तो असणारच. मामा तेवढा सुटला, त्याला आबांकडून वाय मिळाला.

थोरली मावशी ३८ वर्षांची. धाकटी २६ ची, लग्नाला जेमतेम वर्ष, मूल नाही. सर्वांत घाई तिची होती. मूल होण्याआधी तिला कळायला हवं, आणि बीजकोश लवकर थकू शकतात म्हणून उशीरही करून चालणार नव्हता. पण तिच्या सासरी कळलं तर? मुलाच्या आईने मला स्पष्ट सांगितलं, "मी नाही सांगणार. तिचा संसार मोडायचा नाही मला."

मी काय करू शकत होते? थेट धाकटीला फोन केला असता तर आईचा विश्वास तुटला असता, आणि तो अधिकारही मला नव्हता. गप्प बसले असते तर धाकटीचं नुकसान. मी थांबले. तीन महिने. दर भेटीत विषय काढायचा, ढकलायचा नाही. मग समुपदेशकाने सुचवलेला मार्ग धरला. एक पानी पत्र, मराठीत, कुणाचंही नाव नसलेलं: 'आपल्या जवळच्या नात्यात एक आनुवंशिक बदल आढळला आहे. याचा अर्थ तुम्ही आजारी आहात असा नाही. तुमची इच्छा असल्यास माहिती मिळेल.' खाली माझ्या दवाखान्याची वेळ. आईने ते महिनाभर कपाटात ठेवलं आणि राखीपौर्णिमेला सगळ्या बहिणी माहेरी जमल्या तेव्हा काढलं.

धाकटी पुढच्याच आठवड्यात एसटीने आली, थोरलीला घेऊन, नवऱ्याला न सांगता. तिचे ९५ निघाले. वर्षभर मूल राहत नव्हतं हे तिने तेव्हा सांगितलं. नवऱ्याला तिने महिन्याने सांगितलं, आणि तो तिच्याबरोबर आला. माझी भीती निदान एका घरात फोल ठरली. ते दोघं आता वंध्यत्वतज्ज्ञांकडे जातात.

थोरलीला हाडांची तपासणी आणि संप्रेरकांची गोळी मिळाली, सब्जा-गुलकंद तिने चालूच ठेवलंय. तिच्या नववीत अडकलेल्या मुलाची चाचणी केली आणि ती स्वच्छ आली. त्याचं अभ्यासात मागे असणं वेगळ्या कारणाने आहे. हे मुद्दाम नोंदवते, कारण एकदा घरात एखादा शब्द शिरला की तो सगळ्यांना चिकटवला जातो.

थोरलीची मुलगी १९ वर्षांची आहे. स्थळं बघणं चालू आहे. तिच्याकडे तो एक्स असण्याची शक्यता निम्मी. तिला अजून सांगितलेलं नाही. "लग्न जमू दे, मग बघू," थोरली म्हणते. मुलगी सज्ञान आहे, माहिती तिची आहे, आणि तरी तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता तिच्या आईच्या हातात आहे. मी प्रत्येक भेटीत विचारते. उत्तर तेच येतं.

निष्पत्ती

मुलगा आता सात वर्षांचा आहे. चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवत दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो. निदानाने थेरपीत एक लहान पण महत्त्वाचा फरक पडला. 'इकडे बघ, माझ्याकडे बघ' हा हट्ट सोडला. फ्रॅजाइल एक्सच्या मुलांना नजरेला नजर भिडली की घाबरायला होतं. थेरपिस्ट आता त्याच्या शेजारी बसते, दोघं एकाच दिशेला, समोरच्या खेळण्याकडे पाहत. फिट येण्याची शक्यता असते म्हणून लक्ष ठेवतो, अजून आलेली नाही. कानाच्या डॉक्टरांकडे वेळेवर नेतात. दिव्यांगत्वाचं युडीआयडी कार्ड आणि निरामय विमा झाला. धाकटं भावंड दोन वर्षांचं आहे आणि थोरल्याच्या ट्रॅक्टरची चाकं पळवतं.

एक्झोममधल्या त्या अनिश्चित बदलाची वर्गवारी अजून बदललेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वंशावळ आधी. पहिल्याच भेटीत, कुठलंही रक्त काढण्याआधी. माझ्या ओपीडीत एका मुलाला वीस मिनिटं मिळतात, पन्नास नाहीत, हे खरं कारण आहे. पण २२ हजारांच्या चाचणीसाठी कागद भरायला मला अर्धा तास मिळालाच होता. आता नवीन मुलाच्या आईवडिलांना मी घरून भरून आणायला एक कागद देते. त्यात कंप, पाळी आणि शाळा हे तीन प्रश्न आहेत.

फ्रॅजाइल एक्सची चाचणी एक्झोमच्या आधी किंवा निदान बरोबर व्हायला हवी होती. आकड्यांनी मला फसवलं असं म्हणणं सोयीचं आहे. २०१५ मध्ये कॅनडातल्या २५८ मुलांच्या अभ्यासात मायक्रोअ‍ॅरे आणि एक्झोम या दोन्ही चाचण्या झालेल्यांपैकी सुमारे १६ टक्के मुलांत कारण सापडलं होतं, म्हणजे बहुसंख्य मुलांत या चाचण्या काही सांगत नाहीत. हे प्रमाण मला पाठ होतं. पण शंभरात एखाद-दुसरा हा हिशोब समोरच्या मुलाला लागू करताना त्याचे कान आणि बोटं पाहायची असतात.

'अर्थ अनिश्चित' हा निकाल येऊ शकतो, आणि तो आला तर त्यावर काहीही ठरवायचं नाही, हे सही घेण्याआधी सांगायचं. आता मी अहवालासोबत स्वतःच्या हाताने लिहिलेलं मराठी अर्धं पान देते, म्हणजे गावात फिरेल ते निदान तेच फिरेल.

बहिणींचा प्रश्न मुलाची चाचणी पाठवण्याआधी निघायला हवा होता. 'यात तुमच्या माहेरच्यांबद्दलही काही कळू शकतं, कळलं तर काय करायचं?' हे आधी विचारलं असतं तर आईला एकटीने ते कागद महिनाभर कपाटात सांभाळावे लागले नसते. तीन महिने थांबणं बरोबर होतं की नाही, यावर माझं आणि समुपदेशकाचं एकमत नाही. समुपदेशकाच्या मते मी पत्र पहिल्याच महिन्यात द्यायला हवं होतं.

आत्यांनी स्वतःची तपासणी केलेली नाही. "या वयात मला कशाला," म्हणतात. त्यांची मुलगी पुण्यात आहे, तिला दोन मुली आहेत. तिने पत्र मागवून घेतलं आहे.

आबा

आबा शेवटी आले. ७१ वर्षांचे, गळ्यात तुळशीची माळ, हातात काठी, दुसऱ्या हाताने जावयाचा खांदा धरलेला. मेंदूविकारतज्ज्ञांनी जुना एमआरआय पुन्हा पाहून निदान बदललं होतं. निरुपयोगी गोळ्या बंद केल्या, न पडण्यासाठी व्यायाम दिले. बरा होणारा आजार नाही, हेही सांगितलं होतं.

मी त्यांना एक्स, नातू, मुली, सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पार्किन्सन का हे, मला त्यात काय कळत नाही. तुम्ही मला एवढं लिहून द्या, की हा माणूस पिऊन झुकत नाही."

वीस वर्षं ते दिंडीत वीणा घेऊन चालले. झोकांड्या जायला लागल्या तसं लोक हसायला लागले आणि एका आषाढीला त्यांच्या गळ्यातला वीणा काढून घेतला गेला. कारण कुणी बोललं नाही, पण त्यांना कळलं.

मी लेटरहेडवर मराठीत चार ओळी लिहिल्या. कंप आणि तोल जाणं हे जन्मतः आलेल्या आनुवंशिक बदलामुळे आहे, दारूशी त्याचा संबंध नाही. सही केली, शिक्का मारला. त्यांनी कंपाउंडरला कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच झेरॉक्स काढून आणायला लावल्या, घडी घालून आतल्या खिशात ठेवल्या. एक दिंडीचालकाला दिली असं नंतर मुलाच्या आईने सांगितलं. त्या वर्षी आबा दिंडीबरोबर पंढरपूरला गेले. चालत नाही, सामानाच्या ट्रकमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी बसून, आणि मुक्कामाला वीणा त्यांच्या मांडीवर असायचा.